जुनं छोटं विमान: कंपनी चालू आहे, पैसे तयार आहेत, मग पार्ट का मिळत नाही?

सेसना १५२ हे दोन सीटचं ट्रेनिंगचं विमान. १९७७ ला आलं आणि १९८५ ला बनायचं बंद झालं. साडेसात हजारांच्या वर विमानं बनली, त्यातली कितीतरी अजून उडतायत, आपल्याकडंसुद्धा. म्हणजे शिकणारं पोरगं वीस वर्षांचं आणि विमान चाळिशी पार केलेलं असा सगळा मामला. फलटणकडच्या लोकांना बारामतीची छोटी विमानं डोक्यावर घिरट्या घालताना बघायची सवय झालीय, कराडला तर १९५५ ला कोयना धरणाच्या कामासाठी बांधलेली धावपट्टीच आहे, त्यामुळं आपल्या भागात "पोरगा पायलट होतोय" हे ऐकून आता कोणी तोंडात बोट घालत नाही. आणि त्याच्या मागनं येणारं वाक्यही सगळ्यांच्या ओळखीचं झालंय: "विमान उभं आहे म्हणे, पार्ट यायचाय."

आमचा भाचा असाच अडकला. स्कूल कुठलं ते सोडा, तो विषय नाही. कमर्शिअल लायसनला २०० तास उड्डाण लागतं, फी आधीच भरलेली, पोरगं होस्टेलवर बसून आणि विमान हँगरमध्ये पुढचं चाक काढून. बहिणीनं मला फोनवर विचारलं, "दादा, ती सेसना कंपनी बंद पडली का? नाही ना? मग पैसे देऊन पार्ट का मिळत नाही?" प्रश्न एकदम बरोबर आहे आणि त्याचं उत्तर एका वाक्यात मावत नाही म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

तर कंपनी बंद पडलेली नाही. सेसना १९९२ पासून टेक्स्ट्रॉन या मोठ्या अमेरिकन उद्योगसमूहाच्या ताब्यात आहे, त्याच टेक्स्ट्रॉननं २०१४ ला बीचक्राफ्ट ही दुसरी विमान कंपनीपण घेतली, लायकमिंग इंजिनवालेही त्यांचेच. पण १९८० च्या दशकात अमेरिकेत या छोट्या विमानांच्या कंपन्यांवर कोर्टकेसेसचा पाऊस पडला. विमान पडलं, मग ते तीस वर्षं जुनं असलं, मधल्या काळात दहा जणांनी खोललं असलं, तरी मूळ बनवणाऱ्यावर दावा. इन्शुरन्सचा खर्च एवढा वाढला की १९८६ ला सेसनानं पिस्टन इंजिनची एक इंजिनवाली विमानं बनवायचीच बंद केली. पायपर ही छोट्या विमानांची दुसरी कंपनी तर १९९१ ला दिवाळखोरीत गेली. शेवटी १९९४ ला तिथं एक कायदा आला, की छोटं विमान पहिल्या गिऱ्हाइकाला दिल्यापासून १८ वर्षं झाली की त्यानंतर साधारणपणे बनवणाऱ्यावर दावा लावता येत नाही. त्यानंतर १९९६ ला कॅन्ससमधल्या इंडिपेन्डन्स गावात सेसनानं परत उत्पादन सुरू केलं, १७२ आणि तिची मोठी भावंडं आली, पण १५२ काही परत आली नाही.

आता या कायद्यात एक बारीक कलम आहे आणि माझ्या मते सगळी गंमत तिथंच आहे. १८ वर्षांचं घड्याळ आख्ख्या विमानाला लागतं, पण त्यात नवा पार्ट बसवला तर त्या पार्टपुरतं घड्याळ परत शून्यापासून सुरू होतं. म्हणजे १९७९ च्या विमानाची जबाबदारी कंपनीच्या डोक्यावरनं उतरलीय, पण आज त्याच विमानाला कंपनीनं एक ब्रॅकेट विकला की त्या ब्रॅकेटची जबाबदारी पुढची १८ वर्षं परत डोक्यावर. मग तो ब्रॅकेट कंपनी स्वस्तात कशाला देईल? आणि वर्षाला जगभरात मोजकेच खपणार असतील तर बनवेल तरी कशाला? लोक म्हणतात कंपनी लुटते. थोडं तसंही असेल, पण त्या किमतीत धातू कमी आणि वकील जास्त असतो हेही खरं.

आणि कंपनीनं जुन्या मॉडेलचे पार्ट बनवत राहिलंच पाहिजे अशी सक्ती कुठल्याही कायद्यात नाही. ज्याच्याकडं विमानाचं टाइप सर्टिफिकेट, म्हणजे हे डिझाइन सरकारनं पास केलंय याचा मूळ कागद, त्याच्यावर जबाबदाऱ्या आहेत: दोष दिसला तर सरकारला कळवायचं, धोका असेल तर दुरुस्ती सुचवायची. पण गोडाऊन भरून ठेवायची जबाबदारी नाही.

इथं आपल्याकडचा माणूस पटकन स्कूटर आठवतो. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया बनायची, ती बंद होऊन जमाना झाला, पण अजून एखादी प्रिया रस्त्यावर दिसते आणि तिची क्लच प्लेट, केबल, रबरं कुठल्यातरी जुन्या दुकानात मिळतात, नाही मिळाली तर दुसऱ्या गाडीची बसवतात, मेकॅनिक घासून बसवतो आणि गाडी चालू. विमानात नेमकं हेच चालत नाही.

का चालत नाही ते मला कुपवाड एमआयडीसीत कळलं. विमानाच्या पुढच्या चाकाला कात्रीसारखी दोन जोडलेली पाती असतात, टॉर्क लिंक म्हणतात, चाक आडवंतिडवं फिरू नये म्हणून. त्याच्या सांध्यात बुश, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, असतात. ते झिजले की उतरताना पुढचं चाक थडथड थरथरतं, आख्खा डॅशबोर्ड हलतो. भाच्याच्या विमानाचं दुखणं या सांध्यातच होतं आणि त्याच्याकडं बुशचा फोटो होता. ओळखीचे एक लेथवाले अण्णा आहेत, त्यांना दाखवला. अण्णा चष्मा वर करून बघत म्हणाले, "एवढंच व्हय? मटेरियल सांगा, मापं द्या, उद्या सांजच्याला घेऊन जावा." आणि अण्णा बनवतीलच, त्यात शंका नाही, त्यांच्याकडं पंपाचे याहून किचकट पार्ट निघतात.

मी म्हटलं, माप कुठनं आणू, आहे तो झिजलेला आहे. मग अण्णाच हळूहळू एकेक काढायला लागले. झिजलेल्यावरनं माप घेतलं तर मूळ माप किती आणि त्यात वरखाली किती चालतं ते कळणार नाही. धातू कुठला, त्याला हीट ट्रीटमेंट दिलीय का, वरनं प्लेटिंग आहे का, ते फोटोत दिसत नाही. "आम्ही पंपवाल्यांना मटेरियल सर्टिफिकेट देतो की प्रत्येक लॉटला, तसं लागत असंल हिकडं पण," अण्णा म्हणाले, "मग ड्रॉइंग आणा, त्याशिवाय मी सही करायचा न्हाई." झालं, आले मुद्द्यावर. ड्रॉइंग सेसनाची मालमत्ता. ती कोणाला देत नाही. आणि दिली असती तरी अण्णांच्या सहीला विमानाच्या जगात किंमत नाही, कारण त्यांच्याकडं त्या कामाची सरकारी मान्यता नाही.

विमानाचा पार्ट म्हणजे वस्तू अधिक कागद. अमेरिकेतनं आला तर त्याच्याबरोबर ८१३०-३ नावाचा फॉर्म येतो, युरोपातनं आला तर ईएएसए फॉर्म १, आपल्याकडं डीजीसीएची, म्हणजे विमानांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याची, मान्यता असलेल्या संस्थेनं दिला तर सीए फॉर्म १. आडवा कागद, त्यात चौकटी: पार्ट नंबर, किती नग, सीरियल किंवा बॅच, नवा आहे की ओव्हरहॉल केलेला की नुसता तपासलेला, आणि खाली सही कोणाची, कुठल्या मान्यतेखाली. हा कागद हरवला तर चकाचक नवाकोरा पार्टसुद्धा इंजिनिअर विमानाला लावत नाही, आणि लावूही नये.

हे नुसतं सरकारी खूळ वाटत असेल तर १९८९ चा पार्टनएअरचा अपघात बघा. नॉर्वेचं जुनं कॉन्व्हेअर ५८० समुद्रात पडलं, ५५ माणसं गेली. तपासात निघालं की शेपटीचा उभा पंख धरून ठेवणारे बोल्ट आणि पिना बनावट होत्या, पाहिजे तेवढ्या मजबूत नव्हत्या. दिसायला बोल्टच होते ते. आणि कागदच खोटे करायचे उद्योगही चालतात, २०२३ ला लंडनच्या एओजी टेक्निक्स कंपनीनं जेट इंजिनांचे पार्ट बनावट कागदांवर विकल्याचं बाहेर आलं आणि जगभरच्या एअरलाइन्सना इंजिनं खोलून बघायला लागली.

बरं, मग जुन्या विमानाचं काहीच मिळत नाही का? तसं अजिबात नाही आणि इथंच बहुतेकांचा अंदाज चुकतो. आपल्याला वाटतं इंजिन सगळ्यात अवघड, तेच मिळणार नाही. उलटं आहे. इंजिन एका विमानाचं नसतं. लायकमिंगचं ओ-३२० हे सेसनातपण बसलंय, पायपरमध्येपण बसलंय, हजारोंनी चालू आहे, त्यामुळं त्याचे सिलिंडर, पिस्टन, व्हॉल्व्ह, गॅस्केट सगळं बनतंय. १५२ चं ओ-२३५ पण त्याच घरातलं. तीच गोष्ट चाकांची, ब्रेकची, टायरची, चाकात तर टिमकेनची बेअरिंग असतात. बोल्ट-नट तर त्याहून सोपे, कारण ते एएन आणि एमएस या अमेरिकन सैन्याच्या जुन्या स्टँडर्डवर बनतात, एएन म्हणजे आर्मी-नेव्ही. एएन३ म्हटलं की पाव इंचाला थोडा कमी, तीन-सोळांश इंचाचा बोल्ट, जगात कुठंही तोच. ते स्टँडर्ड कोणाच्या मालकीचं नाही, त्यामुळं सेसना असो नसो, बोल्ट मिळणार, कागद मात्र तिथंही मागायचाच.

अडतं ते विमानाच्या सांगाड्याशी. पुढच्या चाकाचा फोर्क, दाराचा कडी-खटका, खिडकीची फ्रेम, पंखाच्या टोकाचं प्लॅस्टिक, शेपटीचा पत्रा, म्हणजे जे फक्त त्याच मॉडेलला लागतं ते. कंपनी हे सगळं स्वतः बनवतही नव्हती, बरंच बाहेरच्या छोट्या कारखान्यांकडनं घ्यायची, त्यातले कितीतरी बंद झाले, साचे भंगारात गेले. परत साचा करायचा म्हणजे चाळीस नगांसाठी चारशेचा खर्च. बीचक्राफ्ट बोनान्झाचं उदाहरण यात लय बोलकं आहे. ती व्ही आकाराच्या शेपटीची विमानं बघितली असतील, त्या शेपटीच्या हलणाऱ्या भागांचा पत्रा मॅग्नेशिअमचा. मॅग्नेशिअम हलकं पण गंजायला एक नंबर. विमानं जुनी झाली, पत्रे गंजले, आणि तसा पत्राच बनवून मिळेना. एवढी धडधाकट, महागडी, इंजिन ठणठणीत असलेली विमानं आणि अडली कुठं तर शेपटीच्या पत्र्यावर. शेवटी मालकांच्या संघटनेला दुसरा उपाय शोधणाऱ्यासाठी बक्षीस जाहीर करायला लागलं.

मग लोक करतात काय? पहिला रस्ता पीएमए. अमेरिकेत एफएए, म्हणजे तिथली विमानांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, दुसऱ्या कंपनीला मान्यता देते की हा पार्ट तूही बनव, पण मूळ पार्टच्या बरोबरीचा आहे हे टेस्ट करून, आकडेमोड करून सिद्ध कर. कॅन्ससमधली मॅकफार्लेन नावाची कंपनी याच धंद्यात आहे, सेसनाच्या सीटचे रेल, कंट्रोल केबल, दारांच्या सीला वगैरे बनवते. हे सीटचे रेल साधी गोष्ट नाही बरं का. सेसनाची पुढची सीट रुळावर सरकते आणि एक पिन भोकात बसून तिला धरते. भोकं झिजून लांबट झाली की पिन निसटते, आणि विमान उडताना नाक वर असतं तेव्हा सीट पायलटसकट मागं जाते, पायलटच्या हातात स्टिअरिंग असतं, तो ते धरूनच मागं जातो, म्हणजे नाक आणखी वर. असे अपघात झालेत. म्हणून त्या रेलची तपासणी एफएएनं सक्तीची केलीय, १९८७ पासून. भोकाच्या झिजेला मर्यादा ठरलीय, ती ओलांडली की रेल बदलायचाच. असल्या पार्टला दुसरा बनवणारा असणं म्हणजे देवच पावला म्हणायचं.

पण पीएमए म्हणजे डोळे झाकून घ्या असंही नाही. ईसीआय नावाच्या कंपनीचे सिलिंडर असेच मान्यता असलेले होते, कॉन्टिनेन्टल या इंजिन कंपनीच्या ५२० आणि ५५० इंजिनांत बसायचे, ते फुटायला लागले आणि २०१६ ला एफएएनं ते काढायचा आदेश काढला. आणि गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी ईसीआय खुद्द कॉन्टिनेन्टलनं विकत घेतली होती.

दुसरा रस्ता, टाइप सर्टिफिकेटच दुसऱ्यानं घ्यायचं. कोलोराडोमधल्या युनिव्हेअरकडं अर्कूप आणि स्टिन्सन १०८ या कधीच बंद झालेल्या विमानांचे हक्क आहेत आणि ती त्यांचे पार्ट बनवते. अशा विमानाचा मालक मला नव्या विमानाच्या मालकापेक्षा सुखी वाटतो, कारण छोट्या कंपनीला तेवढाच धंदा असतो, ती फोन उचलते. ज्यांना असा वाली मिळत नाही त्यांना ऑर्फन म्हणतात, अनाथ. त्यांच्यात दोष निघाला तर दुरुस्ती कोणी काढायची हाच प्रश्न.

तिसरा रस्ता भंगाराचा. पडलेलं, पूर बघितलेलं किंवा बंद ठेवलेलं विमान विकत घ्यायचं, खोलून पार्ट काढायचे, मान्यता असलेल्या दुकानात तपासून कागद घ्यायचा. चौथा आहे तोच दुरुस्त करणं, बुशिंग घालून, पत्र्याला पॅच मारून, पण तेही मान्य पद्धतीनं. आणि अमेरिकेत एक पाचवा रस्ता आहे जो ऐकून अण्णांना लय आनंद झाला: मालकानं स्वतःच्या विमानासाठी स्वतः बनवलेला पार्ट. मालकानं सगळं हातानं करायची गरज नाही, डिझाइनची माहिती देणं, माल देणं, बनवायची पद्धत ठरवून देणं, क्वालिटी तपासणं किंवा देखरेख करणं यातलं एक तरी केलं पाहिजे, आणि पार्ट डिझाइनला धरून असला पाहिजे. पण तो अमेरिकन नियम, अमेरिकन नोंदणीच्या विमानांचा. ज्याच्या अंगावर व्हीटी, म्हणजे भारतीय नोंदणीची अक्षरं, लिहिलंय त्याला त्याचा उपयोग नाही. अण्णा म्हणाले, "असू दे की मग."

आता एक गोष्ट जी लोक पार्टच्या नादात विसरतात. कंपनीचा सपोर्ट म्हणजे नुसते पार्ट नव्हेत. म्हातारं होणारं विमान कुठं कुठं तपासायचं हेपण कोणीतरी सांगावं लागतं. सेसनानं २०११-१२ च्या सुमारास १०० आणि २०० सीरिजच्या जुन्या विमानांसाठी जादा तपासण्यांची जंत्री काढली, गंज कुठं शोधा, तडा कुठं शोधा. मालक लोकांनी कपाळाला हात लावला, खर्चाचं काम. पण माझं मत विचाराल तर ही जंत्री काढणारी कंपनी असणं हे शंभर ब्रॅकेटपेक्षा मोलाचं. आणि म्हातारपण वर्षांतच मोजायचं असतं असंही नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडात डेटोना बीचला एका ट्रेनिंगच्या पायपर ॲरोचा पंख हवेत तुटला, दोघं गेले. विमान २००७ चं, म्हणजे तसं तरुणच. पण साडेसात हजारांवर तास उडालेलं, तेही ट्रेनिंगमध्ये, म्हणजे रोज असंख्य वेळा आपटत उतरलेलं. पंखाच्या मुख्य दांड्याला बोल्टच्या भोकातनं तडा गेला होता. मग पायपरच्या त्या घराण्यातल्या हजारो विमानांना ती भोकं तपासायचा हुकूम आला, आणि असा हुकूम आला की जगभर एकाच वेळी सगळे त्याच पार्टच्या मागं लागतात. तुमच्या विमानाला काही झालेलं नसतं, तरी तुम्ही रांगेत.

आपल्याकडं यात आणखी एक थर चढतो. बहुतेक सगळं बाहेरनं यायचं, डॉलरमध्ये, डीलरकडनं, मग कस्टम, मग कागद तपासणी. विमान जमिनीवर अडकलं की त्याला एओजी म्हणतात आणि एओजीची ऑर्डर घाईनं पाठवायची पद्धत आहे, पण पार्टच स्टॉकमध्ये नसेल तर घाई कशाची. मोठ्या स्कूलला सोपं पडतं, एकाच मॉडेलची दहा विमानं असली की झिजणारे पार्ट आधीच आणून ठेवता येतात. छोट्या स्कूलमध्ये दोन-तीन विमानं, त्यातही एक सेसना, एक पायपर, एक तिसरंच, म्हणजे एकाचं दुसऱ्याला काही लागत नाही. एका विमानाचं काढून दुसऱ्याला लावायला या धंद्यात रॉबरी म्हणतात, तीपण कागदावर नोंद करूनच करायची असते आणि नीट केली तर त्यात गैर काही नाही. आपण स्वतः बनवलेली विमानंही होती, एचएएलचं पुष्पक फ्लाइंग क्लबांत लय चाललं, नंतर एनएएलचं हंसा आलं, पण पुष्पकला इंजिन कॉन्टिनेन्टलचं, हंसाला ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सचं, म्हणजे पार्टसाठी मान वर करून बाहेरच बघायचं.

त्यामुळं पोराला स्कूलमध्ये घालायच्या आधी तिथं विमानं किती आहेत हे विचारून उपयोग नाही, माहितीपत्रकात सगळी मोजलेली असतात. आज सकाळी त्यातली किती उडाली ते विचारा. एकाच मॉडेलची किती आहेत, पुढच्या चाकाचे पार्ट, टायर, मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र) असलं काही स्टोअरमध्ये ठेवतात का, इंजिनचा ओव्हरहॉल जवळ आलाय का आणि इंजिन गेलं की तोवर दुसरं लावणार का, हे विचारायला लाजू नका, फी काही थोडीथोडकी नाही. आणि हँगरच्या मागच्या बाजूला बिनप्रोपेलरचं एखादं विमान उभं दिसलं तर ते कधीपासून तसं आहे तेही विचारा, आणि त्याच्यातलं काय काय कुठल्या विमानाला बसलंय तेपण.